शर्यत, पंच आणि निवेदक

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात मराठीचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याने आपली पहिलीच कथा प्राध्यापकांपुढे ठेवली. विषय होता एका कल्पित ताऱ्याभोवती चाललेली अंतराळयानांची शर्यत. कथा परत आली, तेव्हा समासात एकच शेरा होता : ‘यात जीवनानुभव कोठे आहे?’

शेरा अनपेक्षित नव्हता. आपली समीक्षा विज्ञानकथेकडे बहुधा याच प्रश्नाने पाहत आली आहे. यान संदेश घेऊन आले वा संकट घेऊन आले, तर त्याला आशय आहे असे मानले जाते. यान केवळ धावले, तर ते रंजन ठरते. आर्थर क्लार्क यांच्या १९६४ च्या ‘सनजॅमर’ या कथेत सौरशिडांच्या नौका पृथ्वीकडून चंद्राकडे शर्यत लावतात. तिथेही सौरवादळामुळे शर्यत अर्ध्यावरच सोडावी लागते. पण तिची सारी उत्कंठा धावण्यातूनच निर्माण होते.

विद्यार्थ्याचा अनुभव मात्र त्या शर्यतीतच होता. बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०२१ मध्ये तिला सशर्त परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरला. बंदीपूर्वीच्या एका शंकरपटात त्याच्या वडिलांची जोडी हरली होती. दोन पंचांच्या हातातील दोन घड्याळे जुळली नाहीत आणि एकच घड्याळ खरे मानले गेले. वडिलांनी निकाल मान्य केला. पण त्यानंतर ते पटाच्या मैदानाकडे फिरकले नाहीत.

कथेत हाच पेच ताऱ्यांत नेला होता. एक यान प्रकाशाच्या ६० टक्के वेगाने ६ प्रकाशतासांचा मार्ग कापते; अंतिम ठाण्याच्या घड्याळाने त्याला १० तास लागतात. दुसरे ८० टक्के वेगाने ८.८ प्रकाशतासांचा वळसा घेते. त्याला ११ तास लागतात. पहिले यान आधी पोहोचते, याविषयी वाद नाही. परंतु यानांतील घड्याळे पाहिली, तर पहिल्याला ८ तास आणि दुसऱ्याला अवघे ६ तास ३६ मिनिटे लागलेली असतात. सापेक्षतेच्या सिद्धान्तानुसार यांतले एकही घड्याळ खोटे नाही. मग विजेता कोण? उत्तर भौतिकीत नाही. ते आधी ठरवलेल्या नियमात आहे. कथेत तो नियम मांडणारा निवेदक असतो. निवेदकाचा दृष्टिकोन हा केवळ तंत्राचा भाग नाही, तर न्यायाचाही आहे, हे येथे लख्खपणे दिसते.

१९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली आणि ती पहिली आली. ख्यातीचे माप बाजूला ठेवून कथेला तिच्याच मापाने मोजले जावे, ही त्यामागची इच्छा होती. समीक्षेकडून विज्ञानकथेची अपेक्षा याहून वेगळी नाही.

विद्यार्थ्याने दुसऱ्या खर्ड्यात शर्यतीचा निकाल बदलला नाही. पहिल्या खर्ड्यात मुका असलेल्या पंचाला मात्र त्याने बोलते केले. निकाल देण्यापूर्वी पंच दोन्ही घड्याळे मोठ्याने वाचून दाखवतो.