'खरे ठरले' म्हणताना

चौदा एप्रिल असो की सहा डिसेंबर, आमच्या सभांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, 'बाबासाहेबांचे म्हणणे खरे ठरले!' टाळ्यांचा कडकडाट होतो. टाळ्यांना आमचा विरोध नाही. पण 'खरे ठरणे' म्हणजे काय, याचा विचार समाजबांधवांनी करावा असे आम्हांस वाटते.

खरे असणे वेगळे आणि खरे ठरणे वेगळे. ठरण्यासाठी काळ जावा लागतो, अनुभव यावा लागतो. धम्मवंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो. त्याचा अर्थच मुळी 'या आणि पाहा' असा आहे. तथागतांचा धम्मसुद्धा पारखून घ्यायचा आहे.

मात्र खरे ठरण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला सल्ल्याचा. भाषावार राज्यांवरील १९५५ च्या पुस्तकात बाबासाहेबांनी बिहारचे दोन भाग करावेत व दक्षिण भागाची राजधानी रांची असावी, असे सुचविले होते. २००० साली झारखंड राज्य झाले आणि राजधानी रांचीच झाली. येथे आम्ही अभिमानाने मान उंच करावी.

दुसरा प्रकार इशाऱ्याचा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले की, २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता येईल, पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमताच राहील. ती लवकर मिटवली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल. हाताने मैला काढण्याविरुद्ध १९९३ साली व पुन्हा २०१३ साली कायदे झाले. तरी गटारात गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या येतच आहेत. मत सर्वांचे सारखे, जीव मात्र सारखा नाही! येथे बाबासाहेब खरे ठरले म्हणून टाळी कशी वाजवायची? इशारा देणारा माणूस आपले म्हणणे खोटे ठरावे म्हणूनच तळमळत असतो.

घरातही तेच. पोरगा नापास झाला की बाप म्हणतो, 'बघ, माझंच खरं ठरलं!' बापाचे खरे झाले, पण पोराच्या पदरात काय पडले? त्याला पुस्तक घेऊन शेजारी बसणारे कोणी तरी हवे असते.

म्हणून येत्या जयंतीला वक्त्याने 'खरे ठरले' म्हटले की मनाशी विचारा, हा सल्ला होता की इशारा? इशारा असेल, तर टाळीसाठी उचललेला हात वस्तीतल्या कामाला लागू द्या.

जयभीम!