शेहेचाळीस एकर माळ

गेल्या वर्षी पाडव्याला, फराळाची ताटं आवरत असताना, दादाचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. कुणा एजंटाने लिहिलेली जाहिरात त्याने नुसती पुढे पाठवली होती. 'विकणे आहे. सलग ४६ एकर रान. डांबरी रस्त्याला लागून. चराईस उत्तम. हरीण, ससे, तितर भरपूर, शिकारीस योग्य. गरजूंनीच संपर्क साधावा.' खाली फोटो. वाळलेलं पिवळं गवत, एक वाकडं हिवराचं झाड आणि लांबवर मेंढ्यांचे काळे ठिपके. झाड मी लगेच ओळखलं. ते आमचंच रान होतं.

फोन लावला. दादा आधी हसला. "अरे, त्या एजंटाला कुणीतरी सांगितलं, धाकटा भाऊ आखातात असतो. त्याला वाटलं, तू तिकडचा एखादा शेख गाठशील. ससाणे घेऊन शिकार करतात ना ते!" मग जरा थांबून म्हणाला, "हसायचं सोड. विकायचं मात्र खरं आहे."

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, नान्नजच्या बाजूला. पाऊस कमी, माती टीचभर, खाली मुरूम. सातबाऱ्यावर या ४६ एकरांतला बराचसा भाग पोटखराब म्हणून लागलेला आहे. सरकारच्या लेखी ती जमीन खराब. तिथे पवन्या उगवतो, मारवेल उगवतो आणि कुसळी उगवते. लहानपणी शाळेतून माळावरून घरी आलो की आई आधी पायजम्यात रुतलेली कुसळं उपटायला बसवायची, जेवण नंतर.

त्या जाहिरातीतला 'शिकारीस योग्य' हा शब्द मला काही केल्या सोडेना. एजंटाला कल्पना नसावी, पण १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर काळविटाच्या अंगाला हात लावणं म्हणजे तुरुंग. त्याआधीची गोष्ट वेगळी होती. आजोबा सांगायचे, रात्री शहरातून जीपगाड्या यायच्या, दिव्याच्या झोतात काळवीट खिळून उभा राहायचा आणि मग बार व्हायचा. आजोबा वाट दाखवायला जात. त्याचे पैसे मिळत, कधी मटणाचा वाटा मिळे. त्याहून आधी कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळविटाची शिकार होई. त्यासाठी आफ्रिकेतूनही चित्ते आणले जात. आपल्याकडचा चित्ता १९५२ साली नामशेष म्हणून जाहीर झाला. काळवीट मात्र टिकला, आणि आता आमच्या ज्वारीत रात्री शिरतो. दादाला विचारा, तो काळविटाविषयी फार गोड बोलत नाही.

आणि माळढोक. आमच्या भागात १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं. कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर! आपलं बहरीन त्यात दहा वेळा मावून वर जागा उरेल. त्यात गावंच्या गावं आणि लोकांची शेतं आली, जमिनींचे व्यवहार अडकले. लोक त्या पक्ष्याला शिव्या देत. पुढे अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर पक्षीच संपत आला होता. देशभरात आता दीडशेही उरलेले नाहीत म्हणतात. सलीम अलींना राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोक हवा होता, मान मोराला मिळाला. मी तो आयुष्यात एकदाच पाहिला, चौथीत असताना, आजोबांच्या सायकलच्या दांडीवरून. एखादा म्हातारा पागोटं सांभाळत चालावा तसा चालला होता.

दादाला मी कायद्याचा पाढा वाचून दाखवला. शेख सोड, मलाही आता भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. अनिवासी माणसाला वारसाने आलेली ठेवता येते, आणि विकायची तर भारतात राहणाऱ्यालाच विकता येते. महाराष्ट्रात तर घेणारा शेतकरीच लागतो. दादा शांतपणे म्हणाला, "ते सगळं तलाठ्याने सांगितलंय. गिऱ्हाईक शेतकरीच आहे. शेजारच्या गावचा. जेसीबी लावून माळ फोडणार, तळ्यातला गाळ आणून टाकणार, डाळिंब लावणार. तू फक्त मुखत्यारपत्र पाठव."

मला राग आला. कशाचा, ते तेव्हा कळलं नाही. मी म्हणालो, "आजोबांची जमीन आहे, दादा." त्यावर तो जे बोलला ते मी इथे लिहितोय, कारण आपल्यापैकी बऱ्याच घरांत हे बोलणं कधी ना कधी होणार आहे. "तुला माळ फोटोत दिसतो. मला तो सोसायटीच्या नोटिशीत दिसतो. दोन बोअर कोरड्या गेल्या, पोराची इंजिनिअरिंगची फी आहे. तू वर्षातून आठ दिवस येतोस, गवतात उभा राहून फोटो काढतोस आणि जातोस."

चार दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. बायकोने शेवटी विचारलं, "त्यांचं खोटं काय आहे?"

त्याच आठवड्यात ऑफिसमधल्या बहरीनी मित्राने साखीरला तंबूवर बोलावलं. थंडीत तिकडे तंबूंचं गावच वसतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जनरेटर, गालिचे, खजूर, गहवा. त्याच्याकडे एक ससाणा आहे. डोळ्यांवरची चामड्याची टोपी काढून त्याने तो सोडला आणि दोरीला बांधलेलं पिसांचं आमिष फिरवलं. पक्षी तीरासारखा खाली आला. मी त्याला आमच्या जाहिरातीची गोष्ट सांगितली. तो खूप हसला. मग गंभीर होऊन विचारलं, "तुमच्याकडे हौबारा आहे?" हौबारा म्हणजे माळढोकाच्याच कुळातला, आकाराने लहान. मी म्हटलं, त्याचा मोठा भाऊ होता. १९७९च्या सुमारास सौदी राजघराण्यातले पाहुणे जैसलमेरला ससाणे घेऊन आले होते आणि लोकांनी आरडाओरडा करून ती शिकार थांबवायला लावली, हेही सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या आजोबांच्या वेळी इथेही रान होतं. आता बघ." त्याने हात फिरवला. तंबू, गाड्या, पलीकडे तेलाच्या नळ्या. हरणं पाहायची तर आता अल अरीनला तिकीट काढून जावं लागतं. मग त्याने विचारलं, "त्या जमिनीवर आत्ता कोण चारतं?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

डिसेंबरात रजा टाकून गेलो. माळावर चारतात ते शेजारच्या वस्तीवरचे धनगर मामा. त्यांचे वडीलही तिथेच चारायचे. भाडं असं काही नाही. मृगाआधी आमच्या ज्वारीच्या रानात चार रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंडीखत आमचं, आणि वर्षाला एक घोंगडं. कागद कुठेच नाही. मामांना जाहिरातीचं कळलेलं होतं. काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "विका की. तुमचं रान हाय. आमी दुसरीकडं बघू." दुसरीकडे म्हणजे कुठे, ते मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, कुत्र्याला हाक मारली. नंतर चालताना आपणहून सांगितलं की लांडग्याने दिवाळीत एक कोकरू नेलं. तक्रार केल्यासारखं नव्हे. पाहुणा येऊन गेला म्हणावं तसं.

त्या रात्री ओसरीवर आम्ही तिघं बसलो. ताई पुण्याहून आली होती. एजंटाला वाटत होतं ती हक्कसोड करून देईल. तिने वहीच काढली. कर्ज किती, फी किती, माळाचा भाव किती. मी पुण्यात दुसऱ्या फ्लॅटसाठी साठवत होतो, ती रक्कम बोललो. वहिनी आतून म्हणाल्या, "भावजी, उपकार नकोत हं." मी म्हटलं, वहिनी, उपकार नाहीत, भाडं आहे. आठ दिवसांच्या फोटोंचं. दादा पहिल्यांदा मोकळा हसला.

तरी सगळं भागेना. शेवटी रस्त्याकडचे १४ एकर विकायचे ठरले, ३२ ठेवायचे. किती वर्षं, ते कुणी बोललं नाही. मी परत येऊन वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र साक्षांकित केलं, कुरिअरने पाठवलं. (ज्यांना हे करायचं असेल त्यांनी लक्षात ठेवा, कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आमची धावपळ झाली.) खरेदीखत मार्चमध्ये झालं.

हिवराचं झाड नेमकं त्या १४ एकरांत होतं. दादाने घेणाऱ्याला ते ठेवायला सांगून पाहिलं. त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मे महिन्यात दादाने जेसीबीचा व्हिडिओ पाठवला. मी तो अजून पूर्ण पाहिलेला नाही.

मृगाआधी मामांनी ठरल्याप्रमाणे चार रात्री मेंढ्या बसवल्या. श्रावणात दादाचा फोन आला, गवत कमरेला लागलंय म्हणाला, आणि मामा विचारतायत, यंदाचं घोंगडं कुणाला द्यायचं? "तुला देऊ का? तुमच्याकडे काय उपयोग त्याचा, चाळीस डिग्रीत?"

घोंगडं गेल्या महिन्यात एका मित्राच्या सामानातून आलं. काळं, जाड, मेंढीचा वास असलेलं. आमच्या घरात एसी अठरावर असतो. मुलगा ते पांघरून झोपतो आणि सकाळी टोचतं म्हणून कुरकुर करतो. परवा त्याच्या उशीवर एक कुसळ सापडलं.