स्वप्न सांगावे कोणाला?

आपल्या कोकणातल्या घरांत स्वप्नाविषयी दोन नियम ठरलेले होते. पहाटेचे स्वप्न खरे होते आणि वाईट स्वप्न कोणापाशी बोलायचे नसते. आमची आजी तर वाईट स्वप्न पडले की तोंड धुवायची, शमा म्हणायची आणि दिवसभर गप्प राहायची.

तालमुदातील ज्ञानी लोकांचे मत मात्र आजीच्या उलट! 'बराखोथ' भागात सांगितले आहे की, स्वप्नाने ज्याचे मन खिन्न झाले असेल त्याने तिघांपुढे जाऊन ते चांगले म्हणवून घ्यावे. तेथेच बार हेदया नावाच्या स्वप्नार्थ सांगणाऱ्याची गोष्ट आहे. अबाये आणि रावा यांना एकच स्वप्न पडे. अबाये पैसे देई, त्याला शुभ अर्थ. रावा देत नसे, त्याला अशुभ. आणि दोन्ही खरे होत! यरुशलायमात असे अर्थ सांगणारे २४ जण होते; एकाच स्वप्नाचे त्यांनी २४ अर्थ सांगितले व सगळे खरे ठरले, असेही तेथे आहे. (आपल्या समाजाचे २४ जण जमले तर अर्थ ४८ निघतील, ती गोष्ट वेगळी.)

पुढे १९५३ साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी झोपलेल्यांचे डोळे मधूनमधून भराभर फिरतात हे दाखवले. त्या वेळी माणसाला जागे केले तर बहुधा तो स्वप्न सांगतो. स्वप्न केव्हा पडते ते यावरून कळले. ते कोणाला सांगावे, हा प्रश्न राहिलाच.

आमच्या घरात तो रोजचा आहे. नव्वदीतली माझी आई अजून मराठीतच स्वप्ने पाहते. मध्यंतरी तिला रेवदंड्याचा घाण्याचा बैल दिसला. झापडे सुटलेली, दारात उभा राहून तिच्याकडे टक लावून बघणारा. "मला न्यायला तर आला नसेल?" एवढे विचारून ती गप्प बसली.

माझ्या नातवाला हिब्रूशिवाय काही येत नाही. मी त्याला घाणा समजावून सांगितला, तेव्हा म्हणाला, "म्हणजे बेथ-बद!" शाळेच्या सहलीत त्याने जैतुनाचा घाणा पाहिला होता. बैलाला कोणी चारा घातला का, असेही त्याने विचारले. मी ते आईला मराठीत सांगितले. आई म्हणाली, "खरंच की, उपाशीच असेल बिचारा."

मग तिघे हवेत म्हणून मी, शेजारच्या पेणच्या मावशी आणि हा मुलगा असे तिच्यापुढे बसलो. "सगळं चांगलं आहे" एवढे मराठी त्याच्याकडून घोकून घेतले होते. ळ काही त्याच्या जिभेवर बसत नाही. तो "सगलं, सगलं" म्हणत राहिला आणि आईने त्याला तीनदा म्हणायला लावले.