वुजू, पाय आणि शुगर

दिवसातून पाच वेळा वुजू करताना आपण पाय धुतो, बोटांच्या फटींतून बोट फिरवतो. पण शुगर असलेली माणसं त्या पायांकडे नीट बघतात का?

सोनपेठला माझ्या मामूंच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला. आठ दिवस त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. जखमेला वास यायला लागला, तेव्हा मी विचारलं. म्हणाले, "दुखताच नई, तो डाक्टर कायकू?"

दुखत नव्हतं, हीच तर भीतीची गोष्ट होती. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठा कमी होतो, जंतूंशी लढणाऱ्या पेशीही मंदावतात. अशा जखमेत स्टॅफिलोकोकस शिरतो. ती सतत ओली राहिली तर स्युडोमोनासला फावतं. लाली, सूज, गरमपणा, पू ही संसर्गाची लक्षणं. संसर्ग हाडात गेला, तर बोट किंवा पायही कापावा लागू शकतो.

मामूंनी मेडिकलवरून चार गोळ्या आणून खाल्ल्या होत्या. अशा अर्धवट औषधानं जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. डॉक्टरांनी आधी जखम साफ केली आणि तळातला छोटा तुकडा कल्चरला पाठवला. कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल, हे त्यातून कळतं. वरवरचा पू तपासून ते नेमकं कळत नाही.

पट्टी बांधल्यावर वेगळाच पेच पडला. पाय भिजवायचा नाही, मग वुजू कसा? मामू ऐकेनात. शेवटी इमामसाहेबांना घरी बोलावलं. त्यांनी समजावलं, पाण्यानं अपाय होत असेल तर बाकीचे अवयव धुवा आणि पट्टीवरून नुसता ओला हात फिरवा. याला मसह म्हणतात. शरीयतनंच ही सवलत दिली आहे. डॉक्टरांचं न ऐकणारे मामू इमामसाहेबांचं लगेच ऐकले.

त्यांचं एक बोट गेलं, पाय वाचला.

म्हणून मस्जिदींच्या जबाबदार मंडळींना एक विनंती आहे. एखाद्या जुम्याच्या बयानात मसहचा हा मसला सांगा. उन्हाळ्यात जुहरला सहनातली फरशी तापते, तिथे चटई टाका. बधिर पायाला चटका कळत नाही, फोड मात्र येतो. आणि शुगरवाल्यांनी वुजूनंतर बोटांच्या फटी स्वच्छ रुमालानं कोरड्या कराव्यात, इशानंतर तळवे आरशात बघावेत. नजर कमी असेल तर नातवाला दाखवावेत.