कळकलेलं पाणी

'कळकणे' हे क्रियापद आता जवळजवळ मोडीतच निघालं. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक राहिलं की ते हिरवट, कडसर व्हायचं. आई म्हणायची, "कळकलं", आणि सरळ ओतून द्यायची. आंबटाने भांड्याचा धातू उतरवला की कळकलं, इतकं साधं. दारावर कल्हईवाला येईनासा झाला, घरात स्टील आलं आणि शब्दही गेला. मला तो हल्ली पुन्हा आठवतो. ताकामुळे नव्हे, पत्र्यांमुळे!

आमच्या भागात बहुतेक जुन्या इमारतींच्या गच्चीवर आता पत्र्याची शेड आहे. गळतीवरचा सोपा उपाय. आमच्या सोसायटीनेही तो केला. मग पाऊसपाण्याची योजना आली आणि शेडच्या पन्हळीचा पाइप थेट बोअरमध्ये सोडायचं घाटू लागलं. एप्रिल-मे महिन्यात नळाचं पाणी कमी पडलं की हेच बोअरचं पाणी टाकीत चढतं आणि स्वयंपाकघरात येतं. सभेत एक गृहस्थ म्हणाले, "आकाशातलं पाणी, त्याहून शुद्ध काय असणार बाई?" (मला इथे लहानथोर सगळे बाईच म्हणतात.)

आकाशातलं खरंच. पण ते आपल्याकडे येतं पत्र्यावरून.

पत्रा लोखंडाचा, वर जस्ताचा मुलामा. लोखंड गंजू नये म्हणून जस्त स्वतः झिजतं. झिजलेलं जस्त जाणार कुठे? पावसाबरोबर खाली. पाऊस मुळातच किंचित आंबट असतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळलेला असतो. शहरातल्या धुराने तो आणखी आंबटतो. म्हणजे ताक आणि बिनकल्हईचं पातेलं, तीच गोष्ट. शिवाय आठ महिन्यांची धूळ, कबुतरांची घाण, जुन्या रंगाचे पोपडे. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखात ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या पत्र्यांवर काय आहे कोण सांगणार?

जस्त माणसाला तसं फार बाधत नाही, शरीराला थोडं लागतंच. माशांना मात्र अगदी थोडंही पुरतं, आणि गटारातून पाणी शेवटी नदीतच जातं. शिशाचं तसं नाही. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याच्या एका लिटरमध्ये जस्त ५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, शिसं फक्त ०.०१. पाचशे पटींचा फरक! लहान मुलांच्या मेंदूचा प्रश्न असतो तो. आमच्या इमारतीत पाच वर्षांखालची चार मुलं आहेत.

"उकळून घेऊ की," असंही कुणी म्हणालं. उकळल्याने जंतू मरतात, धातू मरत नाही. पाणी आटतं आणि तो उलट दाट होतो.

पॅरिसची राखाडी छपरं जस्ताचीच. तिथल्या कारागिरांच्या कसबाला २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. त्याच शहराच्या मरे नावाच्या जुन्या वस्तीत १९९० च्या दशकात पावसाचं पाणी तपासलं, तेव्हा त्यातल्या जस्ताचा आणि शिशाचा मोठा वाटा छपरांचा निघाला. छपरं सुंदर आहेत, याबद्दल वादच नाही.

मी योजना मोडायला निघाले नव्हते. पाणी अडवायलाच हवं. म्हणणं एवढंच, की बोअरमध्ये थेट सोडू नका. माती आणि वाळूतून मुरताना बराचसा धातू मातीला धरून राहतो. बोअरचा पाइप मातीला वगळून खाली उतरतो. आणि पहिलं पाणी सोडून द्या. शंभर चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर, पहिल्या सरीतले निदान तेवढे तरी वाहून जाऊ देत. कोकणातल्या जुन्या बायका पहिल्या पावसात पागोळ्यांखाली भांडं ठेवत नसत, त्यांना कुणी रसायनशास्त्र शिकवलं नव्हतं.

दीड तास वाद झाला. खर्चावरून जास्त, पाण्यावरून कमी. अखेर शोषखड्डा, पहिलं पाणी सोडायला एक व्हॉल्व्ह आणि मे महिन्यात बोअरच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी, शिशासकट, एवढं मंजूर झालं. व्हॉल्व्हची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. पहिला पाऊस रात्री दोनला आला तर वॉचमनने मला उठवायचं, असं ठरलंय.