नवतप्यातली ओल

नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, नागपूरजवळच्या हिंगण्याच्या काळ्या जमिनीला बोटं आत जातील अशा भेगा पडतात. एमआयडीसीतल्या शेडांचे पत्रे दुपारभर तडतडतात, वेणा नदीची धार आटत जाते आणि कूलरच्या टाकीत सकाळी ओतलेलं पाणी दुपारपर्यंत तळाला लागतं. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दिवसांतली हवा नुसती तापलेली नसते, ती तहानलेली असते. दोरीवरचा ओला पंचा ती बघता बघता पिऊन टाकते. अशा गावात फिकट, जवळजवळ पांढऱ्या आयसोपॉडसाठी घर मांडायचं म्हटलं तर ऐकणारा चमकेल. ज्याचा जीव ओलीवर टिकून आहे, त्याला या भट्टीत कशाला ठेवायचं? मला मात्र उलट वाटतं. आयसोपॉड पाळणं म्हणजे खरं तर ओल पाळणं, आणि ओल कशी जपायची हे जिथे ती क्षणात उडून जाते तिथेच नीट शिकता येतं. शिवाय प्राणी फिकट असला, तर ती ओल कुठे आहे आणि कुठून सरली आहे, हे तोच आपल्याला दाखवतो.

कुंडी उचलली की उजेड पडताच सैरावैरा पळणारे, चपटे, खवल्याखवल्यांचे राखाडी जीव सगळ्यांनी पाहिलेले असतात. तेच आयसोपॉड. आपण त्यांना किडे म्हणतो, पण कीटकांशी त्यांचं जवळचं नातं नाही. ते खेकड्या-झिंग्यांच्या भावकीतले. पायांच्या सात जोड्या, अंगावर चुन्याने घट्ट झालेलं कवच, आणि पोटाच्या मागच्या भागाखाली पानांच्या चळतीसारखे श्वासाचे अवयव, जे ओलसर असतील तरच चालतात. कीटकांच्या त्वचेवर मेणाचा पातळ थर असतो, आतलं पाणी तो अडवून धरतो. यांच्याकडे तसं काही नाही. समुद्र सोडून कोट्यवधी वर्षं झाली तरी समुद्राची सवय सुटलेली नाही. मादी आपली अंडी पोटाखालच्या पिशवीत, पाण्यात ठेवते, म्हणजे पिल्लांपुरतं एक डबकंच अंगाशी बांधून ती कोरड्या जगात हिंडते. त्या पिशवीतून बाहेर पडणारी पिल्लं पांढरीशुभ्र असतात आणि त्यांना पायांच्या सहाच जोड्या असतात. सातवी कात टाकल्यावर येते. राखाडी जातींचंही पहिलं रूप असं पांढरंच.

मोठेपणीही फिकट राहणाऱ्या जाती निरनिराळ्या वाटांनी तिथे पोचलेल्या आहेत. ट्रायकोऱ्हायना टोमेंटोसा हा उष्ण अमेरिकेतला चार-पाच मिलिमीटरचा दुधी जीव मातीत दडून राहतो. प्लॅटिआर्थ्रस हा युरोपातला जीव मुंग्यांच्या वारुळात राहतो, पांढरा आणि आंधळा. अंधारातच जन्म जाणार असेल तर रंगाचा आणि डोळ्यांचा खर्च कशाला, असा निसर्गाचा हिशेब. क्युबारिसच्या काही फिकट जाती थायलंडच्या चुनखडीच्या गुहांतून बाजारात आल्या. आणि चौथा आपल्या ओळखीचा, पोर्सेलिओनाइडिस प्रुइनोसस. शेणखताच्या ढिगात, उकिरड्यावर, पाचोळ्याखाली तो भारतभर सापडतो. त्याच्या अंगावर राखेची चिमूट उधळल्यासारखी फिकट पूड असते, द्राक्षावर असते तशी. ब्रांट या प्राणिशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये त्याला नाव दिलं ते या पुडीवरूनच: प्रुइनोसस, म्हणजे दहिवर पडल्यासारखा. बोटाने उचलला की पूड पुसली जाते आणि खालचा गडद डाग उघडा पडतो. म्हणून तो हाताळायचा नाही, बघायचा.

बघायचं काय, याला चांगला आधार आहे. १९३७ मध्ये डी. एल. गन यांनी आयसोपॉड कोरड्या आणि दमट हवेत ठेवून त्यांच्या हालचाली मोजल्या. हवा जितकी कोरडी तितके ते अधिक चालत. दमट जागी आले की बहुतेक थांबत. ओल कोणत्या दिशेला आहे हे त्यांना ठाऊक असावं लागत नाही. कोरड्यात पाय थांबत नाहीत आणि ओलीत थांबतात, एवढ्यानेच ते ओलीत जमा होतात. त्याआधी १९२६ मध्ये डब्ल्यू. सी. ॲली यांनी त्यांच्या घोळक्याचा अभ्यास केला होता: एकमेकांना चिकटून बसलेल्यांच्या अंगातून एकट्यापेक्षा पाणी हळू उडतं. या दोन गोष्टी मनात ठेवून काळ्या मातीवरचे पांढरे ठिपके पाहा. भर दिवसा ते पृष्ठभागावर भटकत असतील तर ते मजेत नाहीत, घर कोरडं पडलंय. एकाच ओल्या कोपऱ्यात ढीग करून बसले असतील तर बाकीचं घर त्यांच्या कामाचं उरलेलं नाही. कोरड्या टोकाला, झाकणाजवळ चढून बसले असतील तर खाली पाणी साचलंय, कारण जमिनीवरचे आयसोपॉड पाण्यात बुडून मरतात. राखाडी प्राण्याचं हे सगळं पाचोळ्यात हरवतं. फिकट अंग ते लांबूनही दाखवतं. या रंगाला नुसती शोभा म्हणायला मी म्हणूनच तयार नाही.

घरासाठी मला प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा मातीचं पसरट, रुंद तोंडाचं मडकं जवळचं वाटतं, आणि त्याला कारण आहे. माठ पाणी थंड करतो ते पाझरून आणि वाऱ्याला पाणी देऊन. हवा जितकी कोरडी तितका तो अधिक गार. म्हणजे हिंगण्याचा जो उन्हाळा या जिवाचा वैरी, तोच मडक्याला थंडावा देतो. मडकं वाळूच्या परातीत निम्मं रोवायचं, पण वाळू एकाच बाजूने भिजवायची. त्या बाजूची भिंत ओली राहते, समोरची कोरडी, आणि मधे प्राण्याला आपली जागा आपण निवडता येते. सगळं घर सारखं भिजवणं ही मायेपोटी होणारी चूक आहे. ज्याला निवडता येत नाही त्याचं सुख आपण ठरवू लागतो, आणि तिथे आपला अंदाज हमखास चुकतो. खरबरीत मातीवरून हे जीव सहज चढतात, म्हणून तोंडावर नीट बसणारी मैद्याची चाळणी पालथी घालायची. हवा जाते, पिल्लू जात नाही. मडकं सावलीत, खालच्या मजल्यावर, कूलरच्या वाऱ्याच्या वाटेवर.

आत एकटी काळी माती चालत नाही. ती भिजली की चिकट होते आणि तिच्यात हवा उरत नाही. तिच्यात कुजलेला पाचोळा, नारळाचा भुसा आणि थोडी वाळू मिसळावी. तिचा एक गुण मात्र मोलाचा. विदर्भाच्या काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे सापडतात आणि कवचाला चुना हवाच असतो. खडे कमी पडले तर अंड्याचं टरफल कुटून घालावं. पानाला लावायचा चुना घालू नये, तो जाळतो. वर पळस, उंबर, आंबा यांची वाळलेली पानं जाडसर पसरावीत, आणि बोटाने दाबलं तर दबेल असं कुजकं लाकूड. कडुनिंबाचं पान नको, संत्र्याचं साल नको. दोन्हींत किड्यांना मारक द्रव्यं आहेत, आणि संत्र्यांच्या मुलखात साल आधी हाताशी येतं. फवारलेल्या पऱ्हाटीच्या शेतातला पाचोळाही नको. महिन्यातून एक-दोनदा सुकटीचा तुकडा, कधी काकडीची चकती. यापेक्षा अधिक खाऊ घातलं की बुरशी येते.

आता आक्षेप. जो ओळख देत नाही, हाक मारली तर येत नाही, त्याला पाळीव म्हणायचं कसं? माझ्या मते पाळण्यात ओळखीची अट आपण उगाच घातली आहे. तुळस कुणाला ओळखत नाही, तरी तिचं पाणी चुकलं तर घरातल्या बाईच्या जिवाला लागतं. दुसरा आक्षेप याहून जड आहे: कोंडून ठेवणं. कुजक्या ओंडक्याखाली सारा जन्म काढणाऱ्याला हातभर रुंद मडकं तुरुंग वाटत असेल असं मला वाटत नाही. पण दिव्याखालची काचपेटी आणि रोज उकरून पाहणं त्याला नक्कीच जाचतं. गुहेतून उपसून आणलेल्या फिकट जातींचं समर्थन तर मला करताच येत नाही. बाहेरच्या मागणीसाठी एका गुहेतली वस्ती विस्कटायची आणि तिचं नाव हौस ठेवायचं, हे पटत नाही. तिसरा आक्षेप पळून जाण्याचा, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. ट्रायकोऱ्हायनाच्या मादीला बहुधा नर लागतच नाही; एकटी निसटली तरी खताच्या खड्ड्यात वस्ती उभी राहू शकते. त्यामुळे हिंगण्यात पाळायचा तो इथल्याच शेणखतातला, पूड ल्यालेला प्रुइनोसस. तो दुधासारखा पांढरा नाही हे खरं, पण काळ्या मातीवर वाचता येण्याइतका फिकट आहे, आणि निसटलाच तर आपल्याच घरी जाईल.

एक गोष्ट मात्र आधीच ठाऊक असावी, नाहीतर जीव घाबरतो. कधी एखादा प्राणी मागून निम्मा पांढराफटक आणि पुढून नेहमीसारखा दिसतो. तो आजारी नसतो. आयसोपॉड कात टाकतात ती दोन टप्प्यांत: आधी मागचा अर्धा भाग, मग काही वेळा दिवसभराने, काही वेळा त्याहून उशिरा पुढचा. अर्धं अंग मऊ पडलं तरी अर्ध्यावर चालता येतं. जुन्या कवचातला चुना त्याने आधीच पोटाच्या पुढच्या भागाखाली पांढऱ्या ठिगळांत साठवलेला असतो, आणि उतरलेली कातही तो खाऊन टाकतो. तेवढे दिवस पानं हलवू नयेत, मडकं उचलू नये.

मृग बरसला की सगळा हिशेब उलटतो. हवाच भिजलेली, मडक्याचं पाझरणं मंदावतं, वाळू सुकायला तयार नसते आणि आतल्या पानांवर बुरशीची जाळी धरते. तेव्हा परातीतलं पाणी पूर्ण बंद करायचं, मडकं वाळूतून काढून दोन विटांवर ठेवायचं, म्हणजे खालूनही वारा लागेल. नवतप्यात ओल्या भिंतीला चिकटलेले ठिपके आता मधल्या पानांवर पसरू लागतात. अशा दिवसांत संध्याकाळी चाळणी उचलून एखादं पळसाचं पान उलटलं, तर शिरेच्या कडेला मोहरीहून बारीक पांढरे कण हलताना दिसतात. त्यांचे पाय मोजायला भिंग लागतं. सहा जोड्या.