आक्काचं बिऱ्हाड

आक्का घरी आली तेव्हा ती आक्का नव्हती. बोटाच्या पेराएवढे दोन नारिंगी मासे, अंगावर तीन-तीन पांढरे पट्टे, आणि दोघांतही मादी कुणीच नाही. क्लाउनफिशमध्ये जन्मतः मादी नसतेच. जोडीतला जो दांडगा निघेल तो मादी होतो, दुसरा नर म्हणून राहतो. आमच्या टाकीत थोड्याच दिवसांत त्याचा निकाल लागला. एक अंगानं भरत गेली. दुसरा तिच्यासमोर आला की आडवा होऊन थरथरायचा, म्हणजे ‘तू थोरली, मान्य आहे’ असं सांगायचा. धाकट्या लेकीनं ते पाहिलं आणि नावं ठेवली, आक्का आणि बंडू.

दोघं उबवणी केंद्रात जन्मलेली, समुद्र न पाहिलेली. हे मी मुद्दाम सांगते, कारण क्लाउनफिश आता माणसाच्या हाताखाली सहज वाढतात. आपल्या ऐरोलीलाही कांदळवन प्रतिष्ठानाचं असं केंद्र आहे. समुद्रातून धरून आणलेला क्लाउनफिश विकत घेण्याचं आज काहीच कारण उरलेलं नाही. दोघांनी टाकीतल्या पंपामागचा कोपरा आपला म्हटला, पुढे मी ठेवलेल्या मातीच्या कुंडीत संसार थाटला. तिथे ते खात होते, झोपत होते, भांडत होते. समुद्रात क्लाउनफिशचं घर म्हणजे समुद्रफूल (सी ॲनिमोन). शिकारी मासा नसलेल्या टाकीत मात्र त्यांना त्यावाचून काही अडत नाही. समुद्रफूल आणायचं ते आपल्या हौसेसाठी, आणि म्हणून निवडताना पहिला विचार माशाचा नव्हे, समुद्रफुलाचा करायला हवा. तेही जनावरच आहे. त्याला भूक आहे, जागेची आवडनिवड आहे, आणि आयुष्य तर आपल्याला लाजवील असं. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक लहानसं समुद्रफूल आणलं. डॅलिएल वारले, ते एका हातातून दुसऱ्या हातात गेलं, लोक त्याला ‘ग्रॅनी’ म्हणू लागले, आणि ते गेलं १८८७ साली. काचेच्या भांड्यात एकोणसाठ वर्षं. अशा जिवाला शोभेची वस्तू म्हणून आणून महिन्याभरात मारणं मला पटत नाही.

क्लाउनफिशना आसरा देणाऱ्या समुद्रफुलांच्या जाती जुन्या हिशेबानं दहा. आक्का-बंडूची जात म्हणजे ओसेलॅरिस, ‘निमो’ म्हणून मुलांना ठाऊक असलेली. ही जात समुद्रात त्यांतल्या तिघांकडेच राहते: मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्साय. पुस्तकी माहिती इथे थांबते आणि आपली पंचाईत इथून सुरू होते, कारण हे तिन्ही यजमान टाकीसाठी महाकठीण. मॅग्निफिका दिसायला राजेशाही, पण तिला भर दुपारच्या उन्हासारखा उजेड आणि जोराचा प्रवाह लागतो. शिवाय ती मीटरभर पसरू शकते. जायगँटिया प्रवासातच खचते, आणि तगली तर टाकीतला दुसरा एखादा मासाही गिळते. मर्टेन्साय तर या सगळ्यांत आकारानं मोठी. आमच्या ठाण्याच्या दोन खोल्यांत कोपऱ्यातल्या टाकीला यांतलं एकही पेलणारं नव्हतं.

राहिली ती बबल टिप. हिच्या शुंडांची टोकं पुष्कळदा फुग्यासारखी टपोरी होतात, म्हणून हे नाव. समुद्रात ओसेलॅरिस हिच्याकडे फिरकत नाही. गर्द तांबडा मरून क्लाउन मात्र हिच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे राहत नाही, आणि क्लार्कचा क्लाउन दहाही घरी सुखानं नांदतो. टाकीत मात्र ओसेलॅरिस बबल टिप बऱ्याचदा स्वीकारतो. बऱ्याचदा, नेहमी नाही. मुलुंडचे एक काका वर्षानुवर्षं समुद्री टाकी सांभाळतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, “अहो ताई, मासा कुठे राहील ते माशावर सोडा. तुमच्याकडे काय जगेल ते आधी बघा.” माझा निर्णय तिथेच झाला.

आणि समुद्रफूल घेतलं तेही काकांच्या टाकीतलंच. बबल टिप मनासारखी जागा मिळाली की स्वतःला मधोमध चिरून दोन होते, आणि दोन्ही अर्धी पुन्हा पुरी होतात. केळीला फुटवे यावेत तशी. समुद्रातलं उपटून आणलेलं समुद्रफूल मी घेतलं नसतं. फिलिपिन्समध्ये सेबू भागात जिथे हौशी बाजारासाठी समुद्रफुलं आणि क्लाउनफिश काढले जात होते, तिथे दोन्हींची वस्ती विरळ झाल्याचं २००५ साली छापलेल्या पाहणीत दिसलं. त्यात मेख अशी की समुद्रफूल काढलं की त्याच्याभोवतीच्या माशांचं घरच जातं. मासे नंतर सोडले तरी ते राहणार कुठे?

दुकानात बघायला गेलं तर पांढरीशुभ्र किंवा गर्द पिवळी समुद्रफुलं डोळ्यांत भरतात. पांढरं म्हणजे बहुधा उपाशी. त्याच्या अंगात राहून उजेडावर अन्न शिजवणारी सूक्ष्म शेवाळं निघून गेलेली असतात. पिवळं पुष्कळदा चक्क रंगवलेलं. बघायचं ते तोंड घट्ट मिटलेलं आहे का, पाय कुठे फाटलेला नाही ना, शुंडा बोटाला चिकटतात का. पाय फाटलेलं समुद्रफूल सहसा वाचत नाही. दगडावरून ते ओरबाडून काढतात तेव्हाच ही जखम होते. काकांनी म्हणून दगडासकटच दिलं.

टाकीत सोडल्यावर ते लगेच चालायला लागलं. समुद्रफूल पायानं सरकतं, हळू पण ठाम. जागा पसंत पडेपर्यंत पंपाच्या तोंडाशी गेलं की चिरडून जातं आणि सगळी टाकी नासते. म्हणून आधीच पंपांना स्पंजाच्या टोप्या घातल्या होत्या. शेवटी उजव्या बाजूच्या दगडाच्या भेगेत पाय रोवून ते फुललं.

आक्का-बंडूनं मात्र ढुंकून पाहिलं नाही. कुंडी सोडायलाच तयार नाहीत. मग एका संध्याकाळी आक्का जवळ गेली आणि पोटाखालच्या पंखांचं टोक शुंडेला लावलं. झटका बसल्यासारखी मागे झाली. पुन्हा आली, या वेळी शेपटी लावली. मग बरगडी. दुसऱ्या माशाला हा स्पर्श म्हणजे शेकडो डंख. क्लाउनफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर मात्र त्या डंखपेशींना चेतवत नाही, आणि अनोळखी घरी तो थर असा हळूहळू सरावतो. उजाडेपर्यंत आक्का शुंडांत बुडाली होती, फक्त डोळे बाहेर. बंडूला तिनं आत येऊ द्यायला दुसरा दिवस लावला.

त्यानंतर समुद्रफुलाला कोळंबीचा तुकडा चिमट्यानं द्यायचं माझं काम आक्कानं स्वतःकडे घेतलं. पाण्यात पडलेला तुकडा तोंडात धरून ती शुंडांत नेऊन टाकायची, मग शुंडा एकेक करून त्यावर मिटायच्या. माझा हात टाकीत गेला की चावायची. दात लागत नाहीत, पण धक्का चांगला बसतो. समुद्रफुलाच्या पायाशी दगड चाटून-पुसून साफ करून तिनं अंडी घातली. नारिंगी ठिपक्यांची ती चादर, आणि तिला वारा घालायचं काम बंडूचं. दिवसभर पंख हलवत उभा. आठवड्याभरानं अंड्यांत चंदेरी डोळे चमकले आणि दिवे मालवल्यावर पिल्लं निघाली. त्यांना लागणारे सूक्ष्म जीव वाढवायचं तंत्र घरात जमण्यासारखं नव्हतं. ती पिल्लं जगली नाहीत.

ठाण्याचा एप्रिल-मे टाकीला जड जातो. पाणी तीस अंशांच्या पुढे गेलं की समुद्रफूल फिकट पडतं. पाणी थंड ठेवणारा चिलर हा चैनीचा खर्च नाही. तो परवडत नसेल तर समुद्रफूल आणू नये.

एका पावसाळ्यात आक्का खाईना झाली आणि काही दिवसांत गेली. बंडू समुद्रफुलात एकटाच राहिला. मग तो वाढू लागला. क्लाउनफिश नराच्या अंगात मादीची तयारी आधीपासून असते, थोरली गेली की ती जागी होते. आम्ही एक छोटा साथीदार आणला, आणि पुढल्या वर्षी त्याच दगडावर बंडूनं अंडी घातली. लेकीनं नाव बदललं नाही.

समुद्रफूल अजून फुटवे देतं. ज्यांची टाकी निदान वर्षभर जुनी आहे, पंपांना टोप्या आहेत आणि उन्हाळ्याची सोय आहे, त्यांनी दुकानात जाण्याआधी आसपासच्या हौशी माणसांकडे विचारावं. आमच्यासारखे देणारे पुष्कळ आहेत.